हातात नसलेल्या गोष्टींचं टेन्शन खाली कसं ठेवायचं: उजनी, कांदा, पोरं आणि रात्रीचे दोन

"टेन्शन घेऊ नको बे" हे वाक्य सोलापुरात दिवसातनं किती वेळा ऐकू येतं त्याला हिशोब नाही. रिक्षात, पार्क चौकातल्या गाड्यावर, दवाखान्याच्या बाकड्यावर, सगळीकडं तेच. ज्याला सांगितलं तो पण मान हलवतो, "खरंय, आपल्या हातात काय आहे" म्हणतो आणि घरी जाऊन रात्री दोनला पंख्याकडं बघत पडलेला असतो. घेऊ नको हे सगळे सांगतात, पण घेतलेलं खाली कसं ठेवायचं ते कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहायला घेतलंय. जरा लांब आहे, एका बैठकीत वाचून सोडण्यासारखं नाही, वही-पेन घेऊन हळूहळू करायचं आहे.

सुरुवातीलाच एक सांगतो, यातल्या कुठल्याच पायरीत "तो विचार मनातनं काढून टाका" असं नाही. ते होतच नाही. १९८७ साली डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं कॉलेजच्या पोरांना पाच मिनिटं बसवलं आणि सांगितलं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. आणि नंतर जेव्हा सांगितलं की आता खुशाल करा अस्वलाचा विचार, तेव्हा ही पोरं, ज्यांना पहिल्यापासूनच परवानगी होती त्यांच्यापेक्षा जास्त वेळा अस्वलाकडं गेली. म्हणजे दाबलं की उलट जोरात वर येतं. त्यामुळं घरच्यांनी "सोड ना तो विषय" म्हटल्यावर तुमचा विषय सुटत नसेल तर तुमच्यात काही खोट नाही, डोकं सगळ्यांचं असंच चालतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की बहुतेक काळजीत एक छोटंसं काम लपलेलं असतं आणि बाकी सगळा नुसता घोर. ते काम जोपर्यंत बाहेर काढून उरकत नाही तोपर्यंत डोक्याला वाटत राहतं की अजून काहीतरी करायचं बाकी आहे, म्हणून ते घोर सोडत नाही. खालचं सगळं त्याच्यासाठीच आहे.

पहिली पायरी: काळजी एका वाक्यात लिहा, पण नीट

मोबाईलवर लिहू नका. नोट्स उघडायला गेलात की वरनं व्हॉट्सॲप टपकतं आणि अर्धा तास तिकडंच जातो. घरात जुनी डायरी असते, पोरांच्या वह्यांची मागची कोरी पानं असतात, ती घ्या.

"कसं होणार काय माहीत" हे वाक्य चालणार नाही. "पाण्याचं काय होणार" हे पण नाही. त्यात काय, कधी, कुणाचं हे पाहिजे. उदाहरणार्थ, "मे महिन्यात पाणी आत्ता येतंय त्यापेक्षा अजून दोन-तीन दिवस उशिरा यायला लागलं तर आमच्या पाच माणसांना टाकीतलं पुरेल का?" आता हे वाक्य बघा. याला उत्तर आहे. टाकी किती लिटरची, रोज किती लागतं, भागाकार करा, झालं. पहिल्या वाक्याला उत्तरच नव्हतं म्हणून ते रात्रभर फिरत होतं.

पुष्कळ वेळा असं होतं की वाक्य लिहिता लिहिताच लक्षात येतं की भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे. माणूस लिहायला बसतो "पोराला नोकरी लागेल का" आणि कागदावर येतं "लागली नाही तर लग्नात पाहुणे काय म्हणतील". येऊ दे, लिहा तसंच. वही कुणाला दाखवायची नाही.

दुसरी पायरी: वाटणी

सगळीकडं असं सांगतात की हातात आहे आणि हातात नाही असे दोन रकाने करा. मला ते अर्धवट वाटतं, कारण खऱ्या आयुष्यात बहुतेक गोष्टी अर्ध्या हातात असतात आणि सगळा गोंधळ तिथंच होतो. म्हणून तीन करा: पूर्ण माझं, त्यातला माझा वाटा, आणि माझं अजिबात नाही.

उजनी धरणाचंच घ्या, कारण सोलापुरात उन्हाळ्यात दोन माणसं भेटली की तिसरं वाक्य उजनीचं असतं. "मायनसमध्ये गेली म्हणे." आता पहिली गोष्ट म्हणजे माहिती नीट घ्या, अर्धी काळजी तिथंच उतरते. उजनीची एकूण साठवण साधारण ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी), त्यातलं जवळजवळ ६४ टीएमसी तळाचा मृतसाठा आणि त्याच्या वरचं साडेत्रेपन्नच्या आसपास उपयुक्त साठा. टक्के मोजतात ते उपयुक्त साठ्याचे. म्हणजे शून्य टक्के झालं तेव्हा धरण कोरडं झालेलं नसतं, निम्म्याहून जास्त पाणी अजून आत असतं. मायनस म्हणजे मृतसाठ्यातनं उचलायला लागले. ते चांगलं आहे असं नाही, पातळी खाली गेली की दुबार पंपिंग करायला लागतं, शहराचं वेळापत्रक लांबतं, शेतीला फटका बसतो. पण "आता प्यायला पण थेंब नाही" असं जे ग्रुपवर फिरतं ते वेगळं आणि हे वेगळं.

आता हे भरतं कशावर? पाऊस पडायला लागतो सह्याद्रीत, पुणे जिल्ह्यातल्या धरणांच्या पाणलोटात, तिथली धरणं भरायला लागतात, मग विसर्ग सुटतो आणि दौंडवरनं भीमेतनं इकडं येतो. सोलापुरात कितीही पाऊस झाला तरी त्यानं उजनी भरत नाही. आणि किती पाणी कालव्याला, किती नदीत टाकळी-औजसाठी (शहराचं पाणी तिथनं पण उचलतात) हे कालवा सल्लागार समितीत ठरतं. यातलं तुमच्या-माझ्या हातात काय आहे? पाऊस नाही, विसर्ग नाही, बैठक नाही. हे सगळं तिसऱ्या रकान्यात, सरळ.

पूर्ण माझं काय तर बाथरूमची ठिबकणारी तोटी, टाकीवरचं फुटकं झाकण, एक जास्तीचा बॅरल, आमच्या भागात पाणी सुटायचा दिवस आणि वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवणं. आणि मधला रकाना, माझा वाटा, तो म्हणजे अपार्टमेंटच्या मीटिंगला जाऊन बोअरच्या मोटरीचा विषय काढणं, गल्लीतली पाइपलाइन गळत असेल तर चार शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन झोन ऑफिसला अर्ज देणं आणि त्याची पोच घेणं. पोच घ्या बरं का, नाहीतर अर्ज दिला का नाही याचीच नवीन काळजी सुरू होते.

कुठलं वाक्य कुठल्या रकान्यात टाकायचं कळत नसेल तर एक चाचणी: "मी आज स्वतः" असं लिहा आणि पुढं हातापायानं किंवा फोननं होणारं काम येतंय का बघा. मी आज स्वतः तोटी बदलतो. येतंय. मी आज स्वतः पाऊस पाडतो. नाही येत. मी आज स्वतः पोराला अभ्यासाची आवड लावतो, हे येतंय असं वाटतं पण नाही, आवड लावणं हे काम नाही, "मी आज संध्याकाळी टीव्ही बंद ठेवतो" हे काम आहे.

दुसरं उदाहरण कांद्याचं, कारण आपल्याकडं निम्म्या पाहुण्यांचं वर्ष कांद्यावर ठरतं आणि सोलापूर मार्केट यार्डात लाल कांद्याच्या गाड्या लागल्या की त्या पाहुण्यांचा रक्तदाब भावाबरोबर वरखाली होतो. ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क आलं, डिसेंबर २०२३ ला थेट निर्यातबंदी, ४ मे २०२४ ला बंदी उठली पण टनाला किमान ५५० डॉलर आणि ४० टक्के शुल्काच्या अटीवर, सप्टेंबर २०२४ ला शुल्क २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ पासनं काढून टाकलं. हे सगळं दिल्लीत ठरलं. मोहोळच्या किंवा बार्शीच्या शेतकऱ्यानं रात्र रात्र जागून यातली एक पण तारीख पुढंमागं झाली असती का? नाही. त्याच्या हातात काय होतं तर प्रतवारी करणं, ओला माल घाईनं न भरणं, सगळा माल एका दिवशी न नेता दोन-तीन खेपांत नेणं, सगळं रान एकाच पिकाखाली न घालणं.

इथं एक खरं बोलायला पाहिजे. उन्हाळी कांदा कांदाचाळीत चार-पाच महिने टिकतो, तिथं थांबायचं का विकायचं हा निर्णय तरी शेतकऱ्याकडं असतो. पण आपल्याकडचा खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, तो काढला की न्यायलाच लागतो. तिथं माझा वाटा फार छोटा असतो आणि नुकसान मोठं. त्या माणसाला "हातात नाही ते सोड" असं चहा पिता पिता सांगणं मला बरोबर वाटत नाही. त्याचं नुकसान खरं आहे, त्याला वाईट वाटणारच. ही पद्धत त्याचं कर्ज फेडत नाही, ती फक्त एवढं करते की उद्या सकाळी बँकेत जाऊन साहेबाशी बोलायला त्याच्या डोक्यात थोडी जागा शिल्लक राहते.

तिसरी पायरी: आपला वाटा लगेच उरका

याच्यावर फार बोलत नाही. पहिल्या दोन रकान्यांत जे आलं त्यातलं दहा मिनिटांत होण्यासारखं आत्ताच करा, बाकीच्यापुढं तारीख टाका. तारीख म्हणजे "या आठवड्यात" नाही. "गुरुवार, सकाळी ऑफिसला जाताना." एवढंच.

चौथी पायरी: सारखं बघणं कमी करा

मला विचाराल तर सगळ्यात जास्त फरक याच पायरीनं पडतो आणि सगळ्यात जास्त टाळाटाळ पण इथंच होते.

काळजी वाटली की आपण काहीतरी तपासतो. धरणाचा टक्का, बाजारभाव, शेअर, निकालाची वेबसाईट, पोराचं लास्ट सीन. तपासलं की दोन मिनिटं बरं वाटतं. आणि डोकं नेमकं तेच शिकतं, की बरं वाटायला हवं असेल तर तपासा. मग पुढच्या वेळी अर्ध्या तासानंच खाज सुटते. म्हणजे बघून काळजी कमी होत नाही, बघायची सवय वाढते.

उजनीचा टक्का एप्रिलमध्ये रोज सकाळी बघून काय मिळतं सांगा. एप्रिल-मेमध्ये तो खालीच जाणार, उन्हानं बाष्पीभवन होतं, पाणी सोडलेलं असतं. वर यायला लागतो तो साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, पुण्याकडचे विसर्ग सुरू झाल्यावर. आणि कधी कधी तो अंदाज पण चुकतो, २०२५ ला मे महिन्याच्या शेवटीच अवकाळीनं असा दणका दिला की मायनसमधली उजनी प्लसमध्ये आली, आणि ज्यांनी एप्रिलभर जीव जाळला होता त्यांचं जळणं फुकट गेलं.

तर नियम असा: एका गोष्टीसाठी एकच सोर्स, एकच ठरलेली वेळ. भाव बघायचा असेल तर बाजार समितीचा दिवसाचा भाव लिलाव झाल्यावर एकदा. धरण आठवड्यातनं एकदा, रविवारी, पेपरात. ग्रुपवरच्या फॉरवर्डला सोर्स धरायचं नाही, ते म्यूट. "ताजी बातमी" म्हणून तीन वर्षांपूर्वीचा सांडव्याचा व्हिडिओ दर पावसाळ्यात फिरतो आणि आपले काका लोक तो दर पावसाळ्यात पुढं पाठवतात.

आता पोरांचं. सोलापूरची निम्मी तरुण पोरं पुण्यात आहेत, हिंजवडी म्हणा, वाकड म्हणा, आणि इकडं आई-वडील. शुक्रवारी रात्री पोरगा गाडीवर निघाला म्हटलं की टेंभुर्णी येईपर्यंत आईचे चार फोन. आणि त्यातला एखादा तो गाडी चालवता चालवता उचलणार, म्हणजे काळजीनंच धोका वाढवला. इथं करार करा, तोंडी, पण स्पष्ट. एका घरातलं बोलणं असं झालं होतं, तसंच सांगतो:

"आई, मी निघताना 'निघालो' आणि चहाला थांबलो की 'थांबलो' एवढं टाकतो, मधे फोन करू नको, मी उचलणार नाही."

"आणि नाही आला मेसेज तर?"

"तर अकरा वाजता कर. त्याच्या आधी नाही."

"साडेदहाला करते."

"बरं, साडेदहा."

साडेदहा म्हणजे साडेदहा. त्याच्या आधी फोन करावासा वाटला तर भांडी घासा, शेजारच्या वहिनींकडं जा, शेंगदाणे भाजून कुटायला घ्या, हाताला काम द्या. पहिल्या दोन-तीन वेळा जीव नुसता वरखाली होतो, ते होणारच, पण ती लाट आपोआप उतरते हे एकदा अंगानं बघितलं की पुढं सोपं जातं. पोरांनी पण आपली बाजू पाळायची. 'थांबलो' टाकायला विसरलात तर आईचा महिन्याभराचा सराव पाण्यात जातो.

पाचवी पायरी: काळजीला वेळ ठरवून द्या

तिसऱ्या रकान्यातलं जे उरलं त्याचं काय करायचं? ते जात तर नाही. त्याला अपॉइंटमेंट द्या. हसू नका, ही जुनी आणि तपासलेली पद्धत आहे, १९८३ साली थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जास्त काळजी करणाऱ्या लोकांवर करून बघितली होती. दिवसातला अर्धा तास, रोज तीच वेळ, तीच जागा, फक्त काळजीसाठी. दिवसभरात काळजी आली की तिला ओळखायचं, त्या वेळेवर ढकलायचं आणि हातातल्या कामाकडं परत यायचं. चार आठवड्यांत त्या लोकांची काळजी कमी झाली.

करायचं कसं ते सविस्तर सांगतो कारण लोक इथं शॉर्टकट मारतात.

वेळ दुपारची ठेवू नका. आपल्याकडं मेमध्ये दुपारी पारा चाळीशीच्या आसपास आणि कधी कधी पार पुढं असतो, त्यावेळी माणूस स्वतःच्या सावलीवर पण चिडतो. रात्री नऊनंतरची पण नको, झोपेच्या फार जवळ येते. संध्याकाळी सहा-साडेसहा बरी, ऊन उतरलेलं असतं. जागा अंथरुणावरची नको, जिथं टीव्ही बघता तिथली नको. गच्चीचा एक कोपरा, बाल्कनीतली खुर्ची, सिद्धेश्वर तलावाच्या कडेचा बाक, काही पण, पण रोज तीच. अंथरुण नको म्हणतोय त्याला कारण आहे, डोकं जागा आणि सवय जोडून ठेवतं, पलंगावर काळजी केली की पुढं पलंगावर पाठ टेकली की काळजी आपोआप सुरू होते.

दिवसा ऑफिसात विचार आला, समजा "मशीन बंद पडली आणि दिवाळीच्या टॉवेलची ऑर्डर गेली तर". खिशातल्या चिठ्ठीवर एकच शब्द लिहा, "ऑर्डर". मनात म्हणा साडेसहाला. परत आला, परत साडेसहाला. दहा वेळा येईल, दहा वेळा तेच उत्तर, चिडायचं नाही. हे दाबणं नाहीये, आपण त्याला नाही म्हणतच नाही, नंतर ये म्हणतोय, आणि डोकं हे ऐकतं, फक्त साडेसहाला तुम्ही खरंच बसलं पाहिजे. एकदा फसवलंत की पुढच्या वेळी ऐकणार नाही.

साडेसहाला चिठ्ठी काढा. एकेक शब्द घ्या आणि मनसोक्त काळजी करा. सूत महागलं तर, पार्टीनं पेमेंट थकवलं तर, पार शेवटपर्यंत जा. "मग काय होईल?" विचारत राहा. लोक सहसा पहिल्या भयंकर चित्रावर थांबतात आणि तेच परत परत बघतात, पुढं जातच नाहीत. पुढं गेलं की दिसतं की ऑर्डर गेली तर दोन महिने ओढाताण होईल, सोनं गहाण ठेवायला लागेल, कामगारांना हप्त्यानं पगार द्यायला लागेल. वाईट आहे, पण त्याच्या पुढं पण एक सकाळ आहे आणि त्या सकाळी कुणाला फोन करायचा हे पण सुचतं. सुचलं की ते पहिल्या रकान्यात.

आणि गंमत म्हणजे सकाळी जो शब्द लिहिताना पोटात गोळा आला होता तो संध्याकाळी वाचताना "हे काय लिहिलंय" असं वाटतं. तो सरळ खोडा. वेळ संपली की उठा. अर्धा तास व्हायच्या आत विषय संपले तरी उठा, ओढून-ताणून काळजी करायची नाही.

पहिला आठवडा अवघड जातो, खोटं कशाला बोलू. घरचे पण विचारतात, "काय करलालास तिथं एकटाच?" सांगा हिशोब करतोय, खोटं पण नाही.

सहावी पायरी: रात्रीचे दोन

रात्री दोनला कुठलीच समस्या सुटत नाही. त्या वेळी वाटणी पण करू नका, वही पण उघडू नका, फक्त शरीर शांत करायचं.

श्वास नाकानं चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. बाहेरचा लांब पाहिजे, त्यानं हृदयाचे ठोके हळू व्हायला मदत होते. पाच मिनिटं करा. तरी झोप नाही आली, वीस मिनिटं झाली असं वाटलं (घड्याळ बघायचं नाही, अंदाजानं), तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, कपड्यांच्या घड्या घाला. मोबाईल नाही. डोळे जड झाले की परत या. उन्हाळ्यात गच्चीवर झोपत असाल तर अजून सोपं, तिथं चार पावलं चालता येतं.

झोपायच्या आधीचं एक काम मात्र जरूर करा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी ५७ तरुणांवर प्रयोग केला, तो २०१८ ला छापून आला. निम्म्यांना झोपायच्या आधी पाच मिनिटं पुढच्या काही दिवसांत करायच्या कामांची यादी लिहायला लावली, निम्म्यांना झालेल्या कामांची. करायची कामं लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले आणि ज्यांनी जास्त बारकाव्यानं लिहिलं ते अजून लवकर. नऊ मिनिटं म्हणजे फार नाही, पण फुकट आहे.

आणि चहा. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास घेतं. रात्री साडेनऊला जेवण झाल्यावर चौकात कटिंग मारायची सवय असेल तर दोन वाजता जाग येण्याचं खापर नुसतं नशिबावर फोडू नका.

सातवी पायरी: भाकितं तपासा

वहीत प्रत्येक काळजीपुढं लिहा: काय होईल असं वाटतंय आणि कधीपर्यंत. महिन्यानं उघडा आणि पुढं टिक करा, झालं का नाही झालं. २०२० साली लाफ्रेनिएर आणि न्यूमन या दोघांचा अभ्यास आला, त्यात अतिकाळजीचा आजार असलेल्या २९ लोकांनी असंच केलं होतं. त्यांच्या तपासता येण्यासारख्या काळज्यांपैकी ९१ टक्के खऱ्या झाल्याच नाहीत. आता यावरनं "९१ टक्के गोष्टी चांगल्याच होतात" असं स्टेटस ठेवू नका, ती माणसं कमी होती आणि आधीच जास्त काळजी करणारी होती. पण तुमच्या वहीतला तुमचा आकडा तुमचाच आहे, त्याच्याशी भांडता येत नाही. कुणी कितीही समजावलं तरी जे पटत नाही ते स्वतःच्या अक्षरात वाचल्यावर पटतं.

काही काळज्या खऱ्या पण होतात. तिथं अजून एक रकाना ठेवा: झालं तेव्हा काय केलं. बहुतेकदा तिथं लिहिलेलं असतं की मामा आले, भावानं पैसे दिले, दोन दिवस रडलो, मग फॉर्म परत भरला.

जिथं हे सगळं तोकडं पडतं

घरात कुणाची गाठ निघाली आहे, तपासणीला पाठवली आहे आणि रिपोर्ट आठ दिवसांनी येणार आहे. इथं वाटणी केली तर तिसरा रकाना भरतो आणि पहिल्यात दोन ओळी येतात, फाईल नीट लावणं आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून ठेवणं. मग त्या आठ दिवसांत करायचं काय? एकटं राहायचं नाही एवढंच मी सांगेन. इंटरनेटवर आजाराचं नाव टाकून वाचत बसायचं नाही, ज्या अक्काला घरात दोन दिवस राहायला बोलावता येतं तिला बोलवायचं, जेवणाच्या वेळा मोडायच्या नाहीत. भीती वाटणारच, ती काढायच्या मागं लागू नका.

देवाचं पण बोलायला पाहिजे, सोलापुरात राहून ते टाळता येत नाही. सिद्धेश्वराला हात जोडून, अक्कलकोटला गुरुवारी जाऊन, पंढरपूरला वारी करून लोकांना खरंच हलकं वाटतं आणि मला त्यात काही गैर दिसत नाही. सोपवणं म्हणजे तिसऱ्या रकान्याला मालक मिळणं. फक्त दोन गोष्टी. एक, सोपवलं म्हणजे सोपवलं, प्रसाद घेऊन स्टॅंडवर येईपर्यंत परत उचलून घ्यायचं नाही. दुसरी, पहिला रकाना देवाकडं पाठवायचा नाही. बीपीची गोळी आणि लाईट बिल आपणच बघायचं.

उलटी चूक पण असते. "आपल्या हातात काय आहे" म्हणून सगळंच तिसऱ्या रकान्यात ढकलणारे लोक मी खूप बघतो. गल्लीत महिनाभर ड्रेनेज तुंबलंय आणि सगळे शांत चित्तानं नाकाला रुमाल लावून जातायत, हा काही मनाचा मोठेपणा नाही. एकट्याच्या हातात नसलेलं दहा जणांच्या हातात असतं. कुणी "पॉझिटिव्ह विचार कर" म्हणून अर्ज द्यायचं टाळत असेल तर त्याला पहिली सही करायला लावा.

डॉक्टरकडं कधी जायचं

हे सगळं महिनाभर मनापासून करून पण फरक नसेल तर पुढं वाट बघू नका. सहा महिने झाले, बहुतेक दिवस काळजी चालूच आहे, थांबवायची म्हटली तरी थांबत नाही, झोप उडाली, मान-खांदे कायम आखडलेले, चिडचिड, कामात लक्ष नाही, हे अतिकाळजीच्या आजाराचं लक्षण असू शकतं आणि त्याला उपचार आहे, समुपदेशन पण आणि लागली तर औषधं पण. धडधड, दम लागणं, वजन उतरणं असेल तर आधी फिजिशियनकडं जाऊन थायरॉईड, हिमोग्लोबिन वगैरे तपासून घ्या, कधी कधी मूळ तिथं असतं. छातीत दुखत असेल तर ते टेन्शनच असेल असं घरी बसून ठरवू नका, लगेच दवाखाना.

मानसोपचार विभाग आपल्या सिव्हिल हॉस्पिटलला पण आहे. घरातनं निघायची हिंमत होत नसेल तर सरकारची टेली मानस ही हेल्पलाईन आहे, नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासनं चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. जगणंच नको असे विचार येत असतील तर यातली कुठलीही पायरी करत बसू नका, आधी तो नंबर लावा आणि घरातल्या एका माणसाला जवळ बसवा.

डॉक्टरकडं जाताना वही घेऊन जा. "डॉक्टर, टेन्शन येतंय" एवढंच सांगितलं तर पाच मिनिटांच्या ओपीडीत त्यांना काय कळणार? किती महिन्यांपासनं, झोप किती तास, रात्री किती वाजता जाग येते, कुठल्या गोळ्या चालू आहेत, चहा-तंबाखू-दारू किती, हे पहिल्या पानावर लिहून न्या आणि तंबाखू-दारूचा आकडा खरा लिहा. सोबत घरातलं एक माणूस न्या, पण निम्मा वेळ डॉक्टरांशी एकट्यानं बोलायचंय असं आधीच सांगून ठेवा.